श्रीमंतांना खाल्ले, पुढे काय?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी आमच्या अभ्यासमंडळाची बैठक पावसाने उधळली. विषय सहकारी पतसंस्थांचा होता आणि वक्ते वाटेतच अडकून पडले होते. जमलेल्या नऊ-दहा जणांना नुसता चहा पाजून परत पाठवणे यजमानांच्या जिवावर आले. तेव्हा मंडळातल्या एका तरुण कार्यकर्तीने आपल्याजवळचा एक फ्रेंच चित्रपट भिंतीवर दाखवण्याची तयारी दर्शवली. "सर, वर्गसंघर्षावरचा विनोदी चित्रपट आहे. गरीब माणसे श्रीमंतांना खातात," ती म्हणाली. "म्हणजे लाक्षणिक अर्थाने?" मी विचारले. "नाही, खरोखरच. बादलीतून काढून," तिने शांतपणे सांगितले.

मी हसण्याच्या पूर्ण तयारीने बसलो होतो, हे आधीच नमूद करतो. ॲब्सर्ड म्हटले की नाक मुरडणाऱ्यांपैकी प्रस्तुत लेखक नाही. ज्या पिढीने सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' पाहून हसू की रडू अशी अवस्था अनुभवली आणि तरीही चाळीतला मध्यमवर्ग आपल्याला प्रथमच नीट दिसला असे ज्या पिढीला वाटले, त्या पिढीतला मी आहे. त्यामुळे दोन तासांनी दिवे लागले तेव्हा मनात जी निराशा दाटली, तिचे कारण 'हे काय विचित्र दाखवतात' असे नव्हते. विचित्रपणा हवाच होता. जे हवे होते आणि मिळाले नाही ते दुसरेच काही होते, आणि ते काय याचा शोध घेण्यासाठी हा लेखनप्रपंच.

चित्रपटाचे नाव 'मा लूत'. उत्तर फ्रान्सच्या बोलीत हा लाडाने हाक मारण्याचा शब्द आहे. येथे ते एका कोळ्याच्या थोरल्या मुलाचे नाव आहे. इंग्रजी जगात तो 'स्लॅक बे' या नावाने गेला. २०१६ च्या मे महिन्यात कानच्या महोत्सवात तो स्पर्धेत होता. त्याचा दिग्दर्शक ब्रूनो द्यूमाँ १९५८ साली उत्तरेतल्याच बाय्योल गावी जन्मला. पूर्वी तो तत्त्वज्ञान शिकवीत असे. १९९९ साली कान येथे त्याच्या ज्या चित्रपटाला मोठा पुरस्कार मिळाला त्याचे नाव 'ल्युमानिते', म्हणजे मानवता. जाँ जोरेस यांनी १९०४ साली काढलेल्या समाजवादी दैनिकाचेही नाव तेच होते, हे या पृष्ठाच्या वाचकांना सांगायला नकोच. द्यूमाँ हा साधा करमणूकदार नव्हे. २०१३ साली त्याने शिल्पकार कामीय क्लोदेल हिच्या वेड्यांच्या इस्पितळातल्या दिवसांवर चित्रपट केला. त्यात ज्यूलिएत बिनोश या नामवंत अभिनेत्रीभोवती त्याने खऱ्याखुऱ्या मनोरुग्णांना उभे केले, आणि ते इतक्या संयमाने की कोणाच्याही दुःखाचे प्रदर्शन झाले नाही. त्याच माणसाकडून, त्याच अभिनेत्रीला घेऊन ही निराशा पदरी पडावी, म्हणून ती अधिक लागली.

काळ १९१० चा उन्हाळा. स्थळ इंग्लिश खाडीचा फ्रेंच किनारा, कॅले आणि बुलोन यांच्या मधला. तेथे स्लाक नावाची लहानशी नदी समुद्राला मिळते. किनाऱ्यावर ब्रुफोर नावाचे कोळी कुटुंब राहते. भरती नसेल तेव्हा ही माणसे शिंपले वेचतात आणि हवा खायला आलेल्या शहरी मंडळींना पाण्यातून पलीकडे पोहोचवून चार नाणी मिळवतात. पाणी खोल असेल तर होडीतून, उथळ असेल तर चक्क दोन्ही हातांवर उचलून. टेकाडावर एका अगडबंब इजिप्शियन धाटणीच्या बंगल्यात तुर्कवँहून आलेले फान पेतेगेम हे धनाढ्य कुटुंब उन्हाळा घालवते आहे. इकडे पर्यटक एकामागून एक नाहीसे होऊ लागले आहेत, आणि त्यांचा तपास करायला कॅलेहून एक अतिविशाल देहाचा इन्स्पेक्टर आणि त्याचा किरकोळ बांध्याचा सहकारी आले आहेत. वाळूच्या टेकडीवरून हा इन्स्पेक्टर चालत उतरत नाही, गडगडत येतो. शेवटी शेवटी तर तो फुग्यासारखा आकाशात तरंगू लागतो. नाहीशी झालेली माणसे ब्रुफोरांच्या अंगणातल्या बादलीत आहेत हे प्रेक्षकाला लवकरच कळते. आई मुलांना विचारते, आणखी वाढू का? मुले बोटे चोखत बसलेली असतात. आणि ती बोटे त्यांची स्वतःची नसतात.

चित्रपटाचा पहिला अर्धा तास मला फार आवडला. पर्यटकांना उचलून नेण्याचे दृश्य तर चित्रपटाच्या इतिहासात राहावे इतके नेमके आहे. पांढरे कपडे, छत्र्या, टोप्या घातलेली ती मंडळी ज्याने उचलले आहे त्याच्याकडे पाहतही नाहीत. ती समुद्राकडे पाहतात. आणि मुक्कामी पोहोचल्यावर या किनाऱ्यावरची माणसे किती अस्सल, किती निसर्गाच्या जवळची, यावर गहिवरून बोलतात.

हे पाहताना मी अंधारात बसलो होतो ते बरे झाले. १९८५-८६ च्या सुमारास, नवखा व्याख्याता असताना, मी कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावांची आर्थिक पाहणी करायला गेलो होतो. ओहोटी लागली होती, होडी काठापर्यंत येईना आणि मधे गुडघाभर गाळ होता. तेव्हा तरीवरच्या तारी माणसाने, वयाने माझ्या वडिलांएवढ्या, मला पाठीवर घेऊन काठाला सोडले. माझ्या पिशवीत छापील प्रश्नावल्या होत्या. त्यांतला एक प्रश्न 'कुटुंबाचे दैनंदिन उत्पन्न' असा होता. तो मी त्याला पाठीवर बसल्या बसल्या विचारू शकलो असतो. विचारला नाही. काठावर उतरल्यावर सहकाऱ्याला मात्र म्हणालो, "काय काटक माणसे आहेत ही!" तारी शेजारीच उभा होता. त्याने पाय धुतले, आठ आणे घेतले आणि मला वाकून नमस्कार केला. फान पेतेगेम मंडळींच्या तोंडी द्यूमाँने जो सूर दिला आहे, तो माझाच त्या दिवशीचा सूर होता. एखादी विनोदी कलाकृती जेव्हा प्रेक्षकाला अशी कानशिलाला धरते, तेव्हा तिच्याकडून पुढच्या अपेक्षाही वाढतात.

आणि येथेच चित्रपट हात झटकून मोकळा होतो. कोळ्यांनी श्रीमंतांना खायला सुरुवात केली, ती का? भुकेपोटी? सूडापोटी? चवीसाठी? की हा एक प्रकारचा कर आहे, वाहून नेण्याची मजुरी कमी मिळते म्हणून वसूल केलेला? याचे उत्तर चित्रपटात नाही. त्याहून गंभीर म्हणजे असा प्रश्न कोणाला पडावा अशी चित्रपटाची इच्छाच नाही. "ॲब्सर्डमध्ये 'का' विचारायचे नसते," असे मला त्या संध्याकाळी सांगण्यात आले. हे मत सर्वत्र रूढ आहे आणि माझ्या मते ते चुकीचे आहे. असंगत विनोदाइतका तर्ककठोर प्रकार दुसरा नाही. त्यात पहिले गृहीतक तेवढे वेडे असते. पुढचे सारे भूमितीच्या सिद्धांतासारखे चालते.

माणसे खाण्याच्याच विषयावर जॉनाथन स्विफ्टने १७२९ साली एक पत्रक लिहिले. आयर्लंडमधल्या दरिद्री लोकांची वर्षभराची मुले श्रीमंतांच्या पानात वाढावीत, अशी त्यात 'नम्र सूचना' आहे. त्या पत्रकाचा दरारा अजून टिकून आहे तो कशामुळे? हिशेबामुळे. एक लाख वीस हजार मुले, त्यांतली वीस हजार पैदाशीसाठी राखून ठेवायची, उरलेली विकायची, प्रत्येकी दहा शिलिंग भाव. विल्यम पेटी आणि त्याच्या संप्रदायाने माणसांची जी 'राजकीय अंकगणिते' मांडली होती, त्यांचा तोंडवळा स्विफ्टने हुबेहूब उचलला आणि वाचकाला दाखवून दिले की, जमीनदारांनी आईबापांना आधीच खाल्ले आहे, मुलांवर त्यांचा हक्क ओघानेच आला. अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ते वाचायला लावावे असे मी वर्षानुवर्षे अभ्यासमंडळाला सुचवीत आलो. ते कोणी मनावर घेतले नाही. असो. द्यूमाँने ताटातले माणूस बदलले, गरिबाच्या जागी श्रीमंत आणला. पण हिशेब मात्र पुसून टाकला. हिशेब गेल्यावर उरते ती फक्त किळस, आणि किळस पंधरा मिनिटांत सवयीची होते.

श्रीमंतांच्या बाजूचा प्रकार तर अधिक विचार करण्याजोगा आहे. फान पेतेगेम कुटुंबातला कर्ता पुरुष पाठीत वाकडा आहे, बायका किंचाळतात, मेहुणा खुळावलेला आहे; उभे राहता राहता पडणे हा त्या घराचा कुळाचार दिसतो. याचे कारण म्हणून चित्रपट ओझरते सुचवतो की, हे लोक पिढ्यान्पिढ्या आपापसातच लग्ने करीत आले आहेत, उद्योगधंद्यांच्या सोयरिकीसाठी. हे वाक्य ऐकताच मी खुर्चीत सावरून बसलो. कारण ही कल्पित गोष्ट नव्हे. रूबे आणि तुर्कवँ ही लोकर-कापडाच्या गिरण्यांची जुळी शहरे. तेथल्या गिरणीमालक घराण्यांत परस्परांशी, अगदी चुलत-मावस भावंडांतही, लग्ने होत आणि त्यामागे पक्के आर्थिक कारण होते. नेपोलियनच्या दिवाणी संहितेने बापाची मिळकत साऱ्या मुलांत समान वाटण्याचा दंडक घातला. ज्या घरात आठ-दहा मुले, तेथे एका पिढीत गिरणीचे तुकडे व्हायचे. भांडवल बाहेरून, शेअरबाजारातून उभे करायचे नाही, बाहेरच्याला हिशेबाची वही दाखवायची नाही, ही त्या घराण्यांची रीत. मग वाटणीने फुटलेले भांडवल पुन्हा जुळवायचे कसे? मांडवातून. मुलीबरोबर गेलेला गिरणीचा हिस्सा पुतण्याच्या लग्नात परत घरी येई. कायद्याने केलेली समता अशी विवाहाने निकालात काढली जात होती.

येथे आपल्याकडच्या वाचकाला एक गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पंचविशीच्या एका विद्यार्थ्याने जातीच्या उगमावर एक निबंध वाचला. वर्गाने आपली दारे आतून लावून घेतली की त्याची जात होते आणि ती दारे लावण्याचे साधन म्हणजे अंतर्विवाह, हे त्या निबंधाचे सूत्र. तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, मे महिन्यातच, फ्रान्समध्ये अंतर्विवाहाने बंद झालेल्या एका वर्गावर विनोदी चित्रपट झळकतो हा योगायोग मला विलक्षण वाटला. पण बाबासाहेबांनी दार कोणी लावले, कोणत्या कडीने लावले आणि त्यासाठी विधवांचे व बालिकांचे काय केले गेले, याची यंत्रणा उलगडून दाखवली. द्यूमाँला यंत्रणेत रस नाही. त्याला तिची फळे तेवढी दाखवायची आहेत: वाकडी पाठ, तिरळी नजर, लाळ. अंतर्विवाहामुळे हे लोक शरीराने बिघडले, एवढाच त्याचा निष्कर्ष. म्हणजे टीका गिरणीवर नव्हे, रक्तावर.

आणि तोच न्याय गरिबांना. ब्रुफोर कुटुंब बोलत नाही, गुरगुरते. त्यांचे चेहरे कॅमेरा अगदी जवळून, भिंगाखाली किडा पाहावा तसा न्याहाळतो. श्रीमंत ही एक प्रजाती, गरीब ही दुसरी. दोघांच्या मध्ये पाणी. वर्गाची जात झाली की तिला इतिहास उरत नाही. ती कालही तशीच होती, उद्याही तशीच असणार. मग संपाची, कायद्याची, संघटनेची बातच कशाला? 'दोन्ही बाजूंना सारखेच हसलो' याला चित्रपटाच्या पुरस्कर्त्यांनी निःपक्षपातीपणा म्हटले. जो वाहून नेतो आणि जो वाहिला जातो, त्यांना सारखेच हसणे हा निःपक्षपातीपणा कसा, हे मला समजलेले नाही.

बरे, १९१० हे साल त्याने सहज घेतले असेल असे मानले, तरी ते साल काही सहज नव्हते. थोमा पिकेतीने मृत्युपत्रांच्या आणि वारसानोंदींच्या दप्तरांवरून दाखवून दिले आहे की, पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर फ्रान्समधल्या वरच्या दहा टक्के लोकांच्या हाती देशातली सुमारे नव्वद टक्के संपत्ती होती आणि वरच्या एकाच टक्क्याकडे सुमारे साठ टक्के. उत्पन्नावरील कराचे विधेयक काय्यो यांनी १९०७ साली मांडले, १९०९ साली कनिष्ठ सभागृहाने ते संमत केले आणि सेनेटने ते १९१४ च्या जुलैपर्यंत दाबून ठेवले. (त्याच वर्षी काय्यो यांच्या पत्नीने एका वृत्तपत्राच्या संपादकाला त्याच्या कार्यालयात जाऊन गोळ्या घातल्या आणि न्यायालयाने तिला निर्दोष सोडले. ॲब्सर्ड नाटककारांनी इतिहासाशी स्पर्धा करू नये.) १९१० च्या एप्रिलमध्ये कामगार आणि शेतकऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला. वेतन मिळायचे पासष्टाव्या वर्षी. त्या वयापर्यंत जगणारे कामगार थोडे, म्हणून कामगार महासंघाने त्याला मेलेल्यांचे पेन्शन म्हणून झिडकारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रेल्वे कामगारांनी संप पुकारला. पंतप्रधान होते आरिस्तीद ब्रियाँ, एकेकाळी सार्वत्रिक संपाचा झेंडा खांद्यावर घेऊन फिरलेले समाजवादी. त्यांनी संपकऱ्यांना लष्करी सेवेत बोलावून घेतले, म्हणजे कामावर न येणे हा गणवेशातल्या शिपायाचा गुन्हा ठरला. संप मोडला. यातला कोणता प्रसंग असंगत नाट्यात शोभला नसता?

सर्वांत जवळची गोष्ट तर त्याच जिल्ह्यातली. स्लाकच्या मुखापासून सुमारे शंभर किलोमीटरवर कूरियेर नावाचे गाव आहे. १० मार्च १९०६ रोजी तेथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन १०९९ माणसे मेली. त्यांत पोरेही होती. युरोपच्या इतिहासात याहून मोठा खाण-अपघात नाही. कंपनीने शोध लवकर आवरता घेतला. माणसांपेक्षा कोळसा वाचवण्याची तिला घाई आहे असे खाणकामगार उघड म्हणू लागले, आणि संप पेटला. गृहमंत्री क्लेमाँसो यांनी फौज धाडली. आणि मग स्फोटानंतर वीस दिवसांनी तेरा माणसे आपल्या पायांनी जमिनीखालून वर आली. ती अंधारात चाचपडत, खाणीतल्या मेलेल्या घोड्याचे मांस खाऊन जगली होती. काय खाऊन माणूस जगतो आणि कोण कोणाला खातो, याबद्दल त्या प्रदेशाला चार वर्षांपूर्वी जे कळले होते, त्याची सावलीसुद्धा या किनाऱ्यावर पडू नये?

योगायोग एवढ्यावर थांबत नाही. चित्रपटात फान पेतेगेमांचा जो इजिप्शियन बंगला दिसतो तो खरा आहे, विसाँ गावचा 'तिफोनियम'. तो बांधला आद्रियाँ दमाँ आणि व्हिर्जिनी दमाँ-ब्रताँ या चित्रकार दांपत्याने. व्हिर्जिनीचे बाप झ्यूल ब्रताँ हे शेतकऱ्यांचे चित्रकार म्हणून गाजलेले, आणि बाप-लेक दोघांचाही जन्म त्याच कूरियेरचा. व्हिर्जिनीने विसाँच्या कोळ्यांची आणि त्यांच्या बायकांची चित्रे काढली. नवरा समुद्रावर गेला आहे आणि बायको मूल मांडीवर घेऊन चुलीशी बसली आहे, या तिच्या चित्रावरून १८८९ साली व्हॅन गॉगने आपले चित्र केले. ती स्वतः पुरुषी कलासंस्थांशी भांडली. स्त्रियांना पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दार १८९७ साली उघडले त्यात तिच्या संघटनेचा वाटा होता. गरिबांकडे पाहणाऱ्या सुखवस्तू, सहृदय माणसाचे सारे बळ आणि सारी मर्यादा त्या एका घरात वस्तीला होती. कोळ्याच्या बायकोचे चित्र सलूनमध्ये लागते, तेव्हा त्या बायकोला काय मिळते? हा प्रश्न द्यूमाँच्या कॅमेऱ्यासमोर विटा-दगडांनी उभा होता. त्याने त्या घरातून लोकांना पायऱ्यांवरून पाडून दाखवले.

"तुम्हाला प्रबंध हवा होता, सर, हा सिनेमा आहे," असे येथे कोणी म्हणेल. तर मग सिनेमाचेच पाहू. १९३१ साली रने क्लेर या फ्रेंच दिग्दर्शकाने 'आ नू ला लिबेर्ते' नावाचा चित्रपट केला. दोन कैदी, एक पळून जातो आणि ग्रामोफोनच्या कारखान्याचा मालक होतो. तुरुंगातले लांबलचक बाक आणि कारखान्यातला सरकता पट्टा यांत क्लेर काहीही फरक ठेवत नाही. शेवटी पूर्ण स्वयंचलित कारखान्याच्या उद्घाटनाला वारा सुटतो, नोटा उडू लागतात, भाषणाला जमलेले उंच टोप्यांचे मान्यवर एकमेकांना ढकलीत त्यांच्यामागे धावतात. यंत्रे काम करीत राहतात आणि कामगार नदीकाठी गळ टाकून बसतात. यात एकही संभव गोष्ट नाही, आणि तरीही यंत्राने वाचवलेला वेळ कोणाचा, हा प्रश्न त्याहून हसरेपणाने आजवर कोणी विचारलेला मला माहीत नाही. तोच प्रकार ल्युई ब्यून्यूएलच्या १९७२ च्या चित्रपटाचा. सहा सभ्य माणसे जेवायला बसू पाहतात आणि त्यांचे जेवण काही केल्या होत नाही. पण ते मोडायला दर वेळी जो कोणी येतो, कधी लष्कर, कधी पोलीस, कधी धर्मगुरू, तो त्या वर्गाच्या घराचा एकेक खांब असतो. जाक तातीने तर १९५३ च्या 'मस्य्यो ह्यूलोची सुट्टी' मध्ये समुद्रकिनाराच घेतला. १९३६ साली लेओं ब्लुम यांच्या आघाडी सरकारने श्रमिकांना दोन आठवड्यांची पगारी रजा दिली, तेव्हा कुठे फ्रान्सचा सामान्य माणूस समुद्र पाहू लागला. तातीच्या किनाऱ्यावरची माणसे सुट्टीतही सुट्टी घेऊ शकत नाहीत: एकाला सारखे धंद्याचे फोन येतात, आणि एक डाव्या विचारांचा तरुण वाळूतही एका मुलीला सिद्धांत समजावीत सुटतो. त्या तरुणाला पाहून मी पन्नास वेळा हसलो असेन, प्रत्येक वेळी थोडा ओशाळून.

त्या रात्री पाऊस थांबेपर्यंत वाद चालला. चित्रपट आणणारी कार्यकर्ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत खळखळून हसली होती, आणि तिने माझी सहजासहजी सुटका केली नाही. "सर, आपल्या शिबिरांत आपण जे चित्रपट दाखवतो त्यांत गरीब माणूस नेहमी समईसारखा जळत असतो. त्याने सभ्य राहण्याचा मक्ता का घ्यावा? पहिल्यांदाच मला पडद्यावर असा गरीब दिसला ज्याला आपल्या सहानुभूतीची गरज नाही." हा मुद्दा खोटा नाही, आणि मी तो तेथल्या तेथे मान्य केला. गरिबाला देव्हाऱ्यात बसवणे हाही त्याला पाठीवरून न उतरण्याचाच एक प्रकार आहे. मात्र ब्यून्यूएलने १९५० साली मेक्सिकोच्या झोपडपट्टीतली पोरे दाखवली, ती आंधळ्या भिकाऱ्याला दगड मारतात, पांगळ्याला लुबाडतात. त्यांच्यात समईचा अंशही नाही. तरीही त्यांच्या क्रौर्याला घर आहे, आई आहे, भूक आहे, रात्र आहे. ब्रुफोरांच्या क्रौर्याला फक्त बादली आहे.

तिचा दुसरा मुद्दा नटांबद्दलचा होता, आणि तेथे मात्र आमची जागा उलटली. श्रीमंतांच्या भूमिकांत फाब्रीस ल्युशिनी, बिनोश, व्हालेरिया ब्रूनी-तेदेस्की असे नाणावलेले नट. गरिबांच्या भूमिकांत त्याच प्रदेशातली, पूर्वी कधी अभिनय न केलेली माणसे. ती म्हणाली, यातच समता आहे. मला यातच विषमता दिसली. नामवंत नट वेडेवाकडे चाळे करतात तेव्हा आपण त्यांच्या कौशल्याला हसतो. ते वेष उतरवून घरी जातील हे आपल्याला ठाऊक असते. त्या कोळ्याच्या पोराला हसताना आपण त्याच्या दातांना, त्याच्या कानांना, त्याच्या चालण्याला हसत असतो. ते तो कोठे उतरवून ठेवणार? यावर ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण सर, तो फार छान काम करतो." तेही खरेच आहे. त्या पोराचे आणि श्रीमंतांच्या घरातल्या बिली या मुलीचे, किंवा मुलाचे, चित्रपट ते शेवटपर्यंत झुलत ठेवतो, जे प्रेम जमते, तेवढा काळ द्यूमाँ आपला भिंगाचा काच बाजूला ठेवतो. त्या प्रेमाचा शेवट तो मारहाणीत करतो, आणि पुन्हा कारण सांगत नाही.

एक गोष्ट मी त्या रात्री बोललो नाही, कारण ती चित्रपटावरची टीका म्हणता येणार नाही. 'मा लूत' ज्या आठवड्यात झळकला त्याच आठवड्यात, १० मे २०१६ रोजी, फ्रान्सच्या समाजवादी म्हणवणाऱ्या सरकारने कामगार कायद्यातले बदल मतदानाशिवाय रेटण्यासाठी राज्यघटनेतल्या ४९-३ या कलमाचा आधार घेतला. पॅरिसच्या चौकात तरुण मंडळी मार्चअखेरीपासून रात्री जागवीत होती. त्याच महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक केन लोच यांच्या, बेकारभत्त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या सुताराच्या कथेला मिळाले. आणि त्याच किनाऱ्यावर, कॅलेच्या बाहेर, हजारो निर्वासित तंबूंत दिवस काढीत होते. ती छावणी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मोडली. माणसे किनाऱ्यावर पांगली आणि पुढच्या वर्षांत रबरी होड्यांतून इंग्लंडकडे निघू लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये अशीच एक होडी आंब्लत्यूजजवळ खडकांवर आदळून आठ जण मेले. आंब्लत्यूज म्हणजे स्लाक नदी समुद्राला मिळते तेच गाव. ज्या पाण्यातून चित्रपटातला ब्रुफोर लोकांना हातांवर उचलून नेतो, तेच हे पाणी. २०१६ साली द्यूमाँला हे कळणे शक्य नव्हते, याची मला पूर्ण जाणीव आहे. पण आता तो चित्रपट पाहताना, ते दृश्य आले की माझे लक्ष नटांवरून उडून पाण्यावर जाते.

चित्रपटात तो मेहुणा सारखे एक इंग्रजी वाक्य घोकत असतो, काय करायचे ते आम्हाला ठाऊक आहे पण आम्ही करीत नाही, अशा अर्थाचे. आमच्या मंडळात ते आता म्हणीसारखे रुळले आहे. पतसंस्थांवरचे व्याख्यान तिसऱ्यांदा पुढे ढकलले गेले तेव्हा यजमानांनी ते भर सभेत ऐकवले.

डिसेंबरातल्या शिबिरात 'मा लूत' दाखवावा असा त्या कार्यकर्तीचा आग्रह आहे. मी हरकत घेतलेली नाही. आदल्या रात्री क्लेरचा चित्रपट दाखवावा एवढी अट मी घातली, आणि ती तिने मान्य केली. तिचीही एक अट होती: चित्रपटाआधी मी बोलायचे नाही. त्याबद्दल आमची बोलणी अजून चालू आहेत.